वेलदोडा, पण कोणता?

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा ‘लसीकरणाखेरीज कोणताही विषय चालेल’ अशी प्रेमळ सूचनाही सोबत होती. गेली काही वर्षे मी त्याच विषयावर लिहीत आले असल्याने हा टोमणा मी मुकाट्याने पदरात घेते आणि या वेळी एका मसाल्याच्या पदार्थाविषयी लिहिते. मी बालरोगतज्ज्ञ, चिनी वैद्यकाची अभ्यासक नव्हे. या विषयाकडे मी वळले ती जिज्ञासेपोटी नव्हे, तर भीतीपोटी.

२०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. माझी लेक सिंगापूरला असते. पहिलेच बाळंतपण, नववा आठवडा, आणि उलट्यांनी ती हैराण झालेली. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी डॉक्सिलॅमिन व पिरिडॉक्सिनच्या गोळ्या दिल्या होत्या. पण झोप येते म्हणून बाईसाहेबांनी त्या परस्पर बंद केल्या होत्या. डॉक्टरांच्या मुली औषधे ऐकतात अशी कोणाची समजूत असेल तर ती आधीच दूर केलेली बरी. शेजारच्या चिनी आजी मायेच्या. त्या तिला आपल्या नेहमीच्या वैद्याकडे घेऊन गेल्या. रात्री अकराच्या सुमारास माझ्या फोनवर एका चिठ्ठीचे छायाचित्र आले. चिनी अक्षरांत आठ औषधांची नावे, आणि प्रत्येकासमोर आजींच्या नातीने रोमन लिपीत लिहिलेला उच्चार. खाली लेकीचा प्रश्न : ‘आई, यात वेलची आहे म्हणतात. घेऊ का?’

सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे तिच्याकडे दीड वाजून गेला होता आणि ती जागी होती. मी ‘काहीही घेऊ नकोस’ एवढेच लिहिले व रात्रभर ती आठ नावे शोधत बसले.

पाच नावे तशी निरुपद्रवी निघाली. वाळवलेली संत्र्याची साल. आपल्या ज्येष्ठमधाची सख्खी बहीण. पाइनच्या मुळांवर वाढणारी एक बुरशी. आणखी दोन मुळ्या. उरली तीन : शा-रन, बान-शिया आणि मू-शियांग. ‘वेलची’ म्हणून लेकीला सांगितलेले औषध म्हणजे शा-रन. ही आठ औषधे मिळून चिनी वैद्यकातला एक प्रसिद्ध काढा होतो. त्याच्या नावाचा अर्थ ‘मू-शियांग आणि शा-रन यांसह सहा सद्गृहस्थ’ असा काहीसा आहे. मंदावलेली भूक, पोट फुगणे, मळमळ, पातळ शौच यांसाठी तो शतकानुशतके दिला जातो. म्हणजे वैद्यबुवांनी मनाला येईल ते लिहिले नव्हते. आपण जसे नेहमीचे मिश्रण लिहितो तसेच त्यांनीही लिहिले होते.

शा-रन हे आपल्या वेलदोड्याचे चुलत भावंड. दोघेही आल्याच्या कुळातले. आपला हिरवा वेलदोडा म्हणजे ‘एलेटारिया कार्डमोमम’. शा-रनचे जुने शास्त्रीय नाव ‘ॲमोमम व्हिलोसम’. व्हिलोसम म्हणजे केसाळ. तपकिरी, लंबगोल, अंगावर मऊ काटे असलेले दीडदोन सेंटिमीटरचे फळ. चीनच्या दक्षिणेकडील ग्वांगदोंग प्रांतातल्या यांगछुन परगण्याचे शा-रन सर्वांत नामांकित. देवगडचा हापूस म्हटल्यावर आपल्याकडे जो भाव चढतो, तसाच काहीसा हा प्रकार. त्याच्या फुलात परागकोशापेक्षा वर असलेल्या स्त्रीकेसराच्या टोकापर्यंत पराग आपसूक पोहोचत नाहीत. योग्य कीटक नसतील तर फळधारणा फार कमी होते. म्हणून यांगछुनकडे फुलाफुलाशी वाकून माणसांनी हाताने परागीकरण करण्याची पद्धत रूढ झाली. पुढे युन्नान प्रांतातल्या शीश्वांगबान्ना येथे ही लागवड नेली गेली. तिथल्या मधमाश्यांनी हे काम फुकट केले, पण शा-रनसाठी पर्जन्यवनातली खालची झाडी साफ होऊ लागली व जंगलाच्या नव्या रोपांवर संक्रांत आली.

चिनी वैद्यक या फळाला ‘सुगंधाने ओल घालवणाऱ्या’ औषधांच्या वर्गात टाकते. ही ‘ओल’ म्हणजे काय, यावर आधुनिक वैद्यकाच्या पदवीधराने हसण्यापूर्वी आपल्याकडच्या ‘आम’ या शब्दाची आठवण करावी. जड झालेले अंग, जिभेवरचा जाड थर, अन्नावरची वासना उडणे, पोटात डब्ब वाटणे या सगळ्यांना मिळून दिलेले ते नाव आहे. त्यांच्या मते पचनाचे स्वामित्व प्लीहेकडे. ओलीने ती सुस्तावते आणि सुगंध तिला जागे करतो. या क्रियेला त्यांचा शब्द ‘शिंग-पी’, म्हणजे अक्षरशः ‘प्लीहेला उठवणे’. आपल्या शरीरक्रियाशास्त्रातली प्लीहा ही नव्हे, हे उघड आहे. परंतु रोग्याचे वर्णन म्हणून वाचले तर ते चित्र आपल्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसते.

शा-रनचे अधिकृत उपयोग चीनच्या औषधसंहितेत थोडक्यात दिले आहेत : ओल घालवून भूक लावणे, प्लीहेला ऊब देऊन जुलाब थांबवणे, आणि वायू सरळ करून गर्भ स्थिर करणे. मात्रा तीन ते सहा ग्रॅम. ‘गर्भ स्थिर करणे’ या शेवटच्या शब्दांनी माझी झोप उडाली. यात गर्भारपणातली मळमळही येते आणि गर्भपाताची भीतीही येते. एका शब्दात दोन फार वेगळ्या गोष्टी. पहिलीसाठी एखादा सुगंधी पाचक पदार्थ उपयोगी पडावा हे समजण्यासारखे आहे. दुसरीसाठी तो पडतो असे मानायला मला कोणताही आधार दिसला नाही. शा-रनच्या तेलातील मुख्य घटक बोर्निल ॲसिटेट. सोबत कापूर, बोर्निओल, लिमोनीन. उंदीर-घुशींवरचे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. गर्भवती स्त्रियांवर नीट आखलेल्या चाचण्यांचे पारडे मात्र हलकेच आहे.

एक गोष्ट मला मनापासून आवडली. काढ्यात शा-रन आरंभी घालायचे नाही. बाकीची औषधे उकळून झाली की अगदी शेवटी, ठेचून, पाचेक मिनिटांसाठी टाकायचे. चिठ्ठीवर त्यासाठी ‘हौ-शिया’, म्हणजे ‘मागाहून घाला’, अशी खूण असते. कारण त्याचे तेल उडून जाते. बासुंदी चुलीवरून उतरवल्यावरच वेलदोड्याची पूड घालायची, हे माझ्या सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बजावले होते. त्यांना बाष्पनशील तेलाची व्याख्या ठाऊक नव्हती, पण बासुंदी त्यांचीच चांगली होत असे.

आता मुख्य घोटाळ्याकडे येते. ‘यात वेलची आहे’ हे वाक्य चिनी औषधांच्या बाबतीत जवळजवळ निरर्थक आहे. कारण तिथे वेलचीच्या नावाने वा नात्याने ओळखली जाणारी निदान अर्धा डझन औषधे आहेत आणि प्रत्येकाचे काम निराळे आहे.

‘बाइ-दौकौ’ म्हणजे पांढरी वेलची. गोल, पांढरट फळ. हे मुळात कंबोडिया-थायलंडकडचे किंवा जावाचे. कंबोडियातल्या ज्या डोंगररांगांना जगाच्या नकाशावर ‘कार्डमम’ असे नाव आहे, त्या डोंगरांचे ख्मेर नाव ‘क्रावान’ हेच या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातही बसले आहे. चिनी वैद्यकाने शरीराच्या धडाला तीन शेगड्या कल्पिल्या आहेत. त्यांपैकी वरच्या व मधल्या शेगडीवर पांढऱ्या वेलचीचा अंमल, तर मधल्या व खालच्या शेगडीवर शा-रनचा. म्हणून छातीत दाटणे, उचक्या, ओकारी यांसाठी पहिली, तर जुलाब आणि गर्भाशयाशी संबंधित तक्रारींसाठी दुसरे. वू जू-थुंग या वैद्याने १७९८ च्या आपल्या तापावरील ग्रंथात ‘तीन बियांचा काढा’ दिला आहे. त्यातली वरच्या शेगडीसाठी जर्दाळूची बी, मधल्यासाठी पांढरी वेलची व खालच्यासाठी कॉइक्स नावाच्या गवताचे दाणे. पावसाळ्यात रेंगाळणारा, दुपारनंतर चढणारा, अंग जड करणारा ताप असे त्या रोग्याचे वर्णन आहे. आपल्यापैकी कोणीही ते वाचून विषमज्वराची तपासणी लिहून देईल.

‘त्साओ-गुओ’ हा या घराण्यातला दांडगा गडी. दोन ते चार सेंटिमीटरचे तांबूस तपकिरी फळ, आपल्या मसाल्याच्या वेलदोड्याच्या जवळचे. सिंगापूरहून आणलेले काही दाणे मी सियागंजातल्या आमच्या किराणा व्यापाऱ्याला दाखवले, तर तो वास घेऊन म्हणाला, ‘बाईसाहब, यह तो बड़ी इलायची का दादा है.’ युन्नानमध्ये मांसाच्या रश्श्यात आणि व्हिएतनाममध्ये ‘फो’ नावाच्या सूपमध्ये तो पडतो. वैद्यकात मात्र त्याचा दबदबा साथीच्या रोगांत. १६४१ च्या सुमारास चीनमध्ये भयंकर साथी आल्या. त्या पाहून वू यौ-शिंग याने १६४२ मध्ये ग्रंथ लिहिला आणि प्रतिपादन केले, की साथीचा रोग हवामानाच्या बदलाने होत नाही. एक विशिष्ट दूषित तत्त्व नाकातोंडावाटे शिरते. लीवेनहुकच्या सूक्ष्मदर्शकाच्या आधीची ही गोष्ट. त्याच्या प्रसिद्ध काढ्यातले तीन प्रमुख घटक म्हणजे सुपारी, मॅग्नोलियाची साल आणि त्साओ-गुओ. २०२० साली कोविडच्या काळात चीन सरकारने काढलेल्या उपचार-मार्गदर्शिकेतील काही काढ्यांत हे फळ पुन्हा हजर होते आणि त्यांपैकी एका मिश्रणाला २०२१ मध्ये तिथल्या औषध नियंत्रकांनी रीतसर मान्यताही दिली. हिवतापावरच्या जुन्या चिनी पाठांतही त्साओ-गुओ आहे. परंतु हिवतापावर खरोखर लागू पडले ते छिंग-हाओ. तू यौ-यौ यांनी त्यातून आर्टेमिसिनिन मिळवले व २०१५ चे नोबेल त्यांना लाभले. जुन्या पोथीतली एक ओळ अशी फळाला आली म्हणून शेजारच्या साऱ्याच ओळी फळतात असे नाही, हे आपल्या आयुर्वेदप्रेमी मित्रांना मी दर वर्षी स्नेहसंमेलनात सांगते आणि दर वर्षी वाद होतो.

बालरोगतज्ज्ञाच्या कुतूहलाचे फळ वेगळेच, त्याचे नाव ‘ईझी-रन’. हैनान बेटावरचे, ‘अल्पिनिया ऑक्सिफिला’. नावाचा अर्थ ‘बुद्धीला हितकर बी’. शा-रन, सुपारी व बा-जी-थिएन नावाच्या मुळीसह दक्षिण चीनच्या चार मोठ्या औषधांत त्याची गणना होते. लहान मुलांची सतत गळणारी लाळ आणि अंथरूण ओले करणे, या दोन तक्रारींवर ते देतात. ‘झरा आटवणारी गोळी’ या गोड नावाच्या औषधात तीनच घटक : ईझी-रन, लिंडेराची मुळी आणि एक कंद. नाव वाचून मला हसू आले. पण उपयोग होतो असे एखादी आई शपथेवर सांगेल तर तिला खोटे कसे म्हणावे? पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे पंधरा टक्के मुले रात्री अंथरूण ओले करतात आणि दर वर्षी त्यांतली सुमारे पंधरा टक्के आपोआप सुधारतात. अशा विकारात जे औषध चालू असेल त्याला यश मिळतेच. हा न्याय चिनी गोळीला लावताना आपल्या स्वतःच्या चिठ्ठ्यांनाही लावायला हवा, एवढेच.

आणि शेवटी ‘रौ-दौकौ’, म्हणजे ‘मांसल वेलची’. ही वेलची नव्हेच. हे आपले जायफळ! चिनी बालवैद्यकाचा आद्य पुरुष छिएन यी. त्याच्या मृत्यूनंतर शिष्याने इ.स. १११९ मध्ये संकलित केलेल्या ग्रंथात मुलांच्या जुलाबांवर जायफळ, मू-शियांग आणि एका कडू मुळीची गोळी आहे. बाळगुटीत जायफळाचा एक वेढा देणारी आपली आजी आणि हा हजार वर्षांपूर्वीचा वैद्य एकाच निष्कर्षाला आले होते. तथापि एक वेढ्याचे चार वेढे झाल्यामुळे गुंगीत गेलेले बाळ मी माझ्या दवाखान्यात पाहिले आहे. जुलाब थांबले होते, हे खरे. बाळ डोळे उघडत नव्हते, हेही खरे.

नावांचा हा गोंधळ केवळ विद्वत्तेचा विषय असता तर मी त्या रात्री इतकी घाबरले नसते. भीती होती ती चिठ्ठीतल्या ‘मू-शियांग’ची. खरे मू-शियांग म्हणजे आपले कोष्ठ, काश्मीर-हिमालयातले. परंतु ‘छिंग-मू-शियांग’ या जवळजवळ त्याच नावाने विकली जाणारी मुळी ॲरिस्टोलोकियाची असते. आपल्याकडची ईश्वरी याच वंशातली. त्यातील ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडांचा नाश करते व मूत्रमार्गाचा कर्करोग घडवते. ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या औषधात अशाच नामसाधर्म्यामुळे एका मुळीऐवजी दुसरी गेली. १९९३ मध्ये ते उजेडात आले आणि शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे त्यात बाधित झाली. चीनने छिंग-मू-शियांगची मान्यता २००४ मध्ये काढून घेतली. पण त्या रात्री माझ्या हातात एका मुलीने कानाने ऐकून लिहिलेली रोमन अक्षरे तेवढी होती. अक्षराआधी एक ‘छिंग’ गळला आहे की मुळात नव्हताच, हे मी कसे ठरवणार?

आणि बान-शिया? तो अळूच्या कुळातला कंद. कच्चा खाल्ला तर घशाला अळूपेक्षा भयंकर खाजतो. म्हणून आले व तुरटीत शिजवून तो वापरतात. गर्भारपणात तो जपून द्यावा असे चिनी ग्रंथ एकीकडे बजावतात, तर दुसरीकडे इ.स. २०० च्या सुमारास झालेल्या झांग झुंग-जिंगच्या ग्रंथात गर्भवतीच्या न थांबणाऱ्या उलट्यांवर नेमका तोच दिलेला आहे. अठराशे वर्षे हा वाद मिटलेला नाही. माझ्याच्याने तो पहाटे चारला मिटण्याची शक्यता नव्हती.

सकाळी मी लेकीला फोन केला. औषधांविषयी बोलण्याआधी, सवयीने, विचारले, ‘लघवी किती वेळा झाली?’ ‘काल दुपारपासून एकदा. चहासारखी.’ त्यावर मी जे बोलले ते स्मरणिकेत छापण्याजोगे नाही. तासाभरात ती रुग्णालयात होती. वजन साडेचार किलोने उतरलेले, लघवीत कीटोन भरपूर. सलाइन, त्याआधी न विसरता थायमिन, पोटॅशियमची दुरुस्ती. दोन दिवसांत ती माणसात आली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि या वेळी तिने त्या घेतल्या. वैद्यांच्या पुड्या उघडल्याच गेल्या नाहीत. म्हणून शा-रनने उलट्या थांबल्या किंवा थांबल्या नाहीत, असा कोणताही अनुभव माझ्यापाशी सांगण्यासारखा नाही.

पण दुसरी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या चिठ्ठीच्या तळाशी एक चिनी ओळ होती, जिचा उच्चार नातीने लिहिला नव्हता, कारण ते औषधाचे नाव नव्हते. मी त्या रात्री आठही नावांमागे धावले आणि ती ओळ सही-शिक्क्याचा भाग समजून सोडून दिली. आठवड्याने लेकीने ती वाचून घेतली. ‘पाणीही टिकत नसेल किंवा लघवी कमी व गडद होत असेल, तर औषधाची वाट न पाहता रुग्णालयात जावे.’ वैद्यांनी हे आजींना तोंडीही बजावले होते. आजी गडबडीत सांगायच्या विसरल्या. रात्रभर मी ज्यांना मनातून भोंदू म्हणत होते, त्यांनी माझ्या आधी नेमका तोच प्रश्न विचारला होता. सिंगापुरात चिनी वैद्यांची नोंदणी २००० च्या कायद्याने होते, शिक्षण व परीक्षा पाहून होते, हेही मला नंतरच कळले.

बाळंतपणासाठी मी गेले तेव्हा त्यांना मुद्दाम भेटले. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, मागे भिंतभर लाकडी खण. दुभाषाचे काम आजींच्या नातीने केले. मू-शियांग कोणते दिले होते, हे मी विचारले. त्यांनी न रागावता खण उघडून मुळीचे काप माझ्यासमोर ठेवले, खरेदीची पावती दाखवली, आणि शा-रनचे एक अख्खे काटेरी फळ तळहातावर दिले. बाजारात शा-रन म्हणून त्याच कुळातल्या हलक्या बियाही खपवतात. म्हणून ते अख्खी फळे घेतात आणि स्वतः फोडतात, असे म्हणाले. फोडून दाणा चावून पाहिला. पहिल्यांदा कापूर, मग किंचित तुरट, आणि मागाहून आपल्या वेलदोड्याची पुसटशी आठवण.

इंदूरहून नेलेल्या हिरव्या वेलदोड्यांची पुडी मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक सोलला, नाकाशी धरला, दाणे तोंडात टाकले व बराच वेळ काही बोलले नाहीत. हा त्यांच्या खणांत नसतो, असे नातीने सांगितले. मग त्यांनी पुडी नीट दुमडून बाजूला ठेवली आणि लेकीच्या मांडीवरच्या अकरा दिवसांच्या माझ्या नातीकडे पाहत तिसराच प्रश्न विचारला.

‘जन्माचे वजन भरून आले का?’

मी म्हटले, ‘कालच.’